उन्हाला कामाला लावा

इंदापूर-बारामतीकडे एप्रिल-मेचं ऊन चाळिशी पार करतं आणि आपण त्याला नुसत्या शिव्या घालतो. खरं तर खरिपाच्या कांद्याचं रोप टाकायच्या आधी याच उन्हाला जुंपायला हवं. गादीवाफा भुसभुशीत करा, पाणी द्या, वर पंचवीस मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून बसवा, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे त्याकडे फिरकू नका. ओली माती उष्णता खाली नेते; वरच्या थरात तापमान पन्नास अंशांच्या आसपास जातं आणि मर रोगाची बुरशी, तणांचं बी तिथेच संपतं. घरात मल्चिंगचा काळा कागद पडलाय म्हणून तोच अंथरू नका. काळा स्वतःच तापतो, पारदर्शक ऊन आत सोडतो. इस्रायलच्या याकोव्ह कातान यांनी १९७६ साली हे तंत्र जगापुढे मांडलं. मावळ-कोकणात राब, म्हणजे भातरोपाची जागा पालापाचोळा जाळून भाजणाऱ्यांना त्यामागचा हेतू नवा नव्हता. मित्रजीवही मरतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यांतले बरेच पुन्हा वाढतात, शिवाय नंतर शेणखतातून ट्रायकोडर्मा देता येतो. लव्हाळा मात्र दाद देत नाही, त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात. कागदाचा खर्च? एकरभर कोण झाकायला सांगतंय! रोपवाटिकेपुरताच घ्या, काम झालं की गुंडाळून ठेवा, बांधावर फेकू नका. औषधाच्या दुकानात उधारी वाढवण्याआधी फुकटच्या उन्हाचा हिशेब मांडणं, हेच शहाणपणाचं.