अस्थिमज्जेंतील एकत्र कुटुंब

नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्याच्या कुशींतील अक्कलकुवा व धडगांव या तालुक्यांत, 'सिकलसेल' हें नांव भिल्ल व पावरा समाजाच्या घराघरांत परिचयाचें झालें आहे. एखादें मूल वरचेवर फिकें पडतें आणि हाडांच्या वेदनांनीं रात्र रात्र तळमळतें. हा रोग स्पर्शानें जडत नाहीं; तो जन्माबरोबरच येतो.

निरोगी तांबडी पेशी वाटोळी व मऊ असून सुमारें १२० दिवस जगते. या रोगांत ती विळ्यासारखी वांकडी व ताठर होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १० ते २० दिवसांतच नाश पावते. रक्ताच्या सर्व पेशींचें माहेर म्हणजे हाडांच्या पोकळींतील मज्जा. तेथील मोजक्या मूलपेशींपासून जन्मभर नवें रक्त तयार होत असतें. म्हणजे व्यंग पिकांत दिसलें, तरी दोष बियाण्यांतला आहे.

मग या मूलपेशीच बाहेर काढून प्रयोगशाळेंत कां वाढवूं नयेत, असें कोणीहि विचारील. परंतु बराच काळ येथेंच घोडें पेंड खात होतें. काचपात्रांत एकट्या ठेवलेल्या मूलपेशी लवकरच साध्या पेशींत रूपांतर पावत आणि बीजच संपून जाई. १९७७ सालीं मँचेस्टर येथें डेक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळी युक्ति केली. उंदराच्या मज्जेंतील आधार देणाऱ्या पेशी त्यांनीं प्रथम पात्राच्या तळाशीं पसरूं दिल्या व मग त्यांवर ताजी मज्जा सोडली. त्या सोबतींत रक्तनिर्मिति कित्येक महिने चालू राहिली! पुढें मानवी मज्जेवरहि हा मार्ग चोखाळण्यांत आला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

मूलपेशी शरीराबाहेर संभाळण्याची विद्या आतां बरीच पुढें गेली आहे. २०२३ सालीं इंग्लंड व अमेरिका यांनीं सिकलसेलवरील एका नव्या उपचारास मान्यता दिली. त्यांत रोग्याच्याच मूलपेशी काढून त्यांच्या आनुवंशिक रचनेंत असा फेरफार करतात कीं, गर्भावस्थेंतील निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हां तयार होऊं लागावें. नंतर तीव्र औषधांनीं जुनी मज्जा रिकामी करून त्या पेशी परत देतात. अमेरिकेंतील किंमत मात्र सुमारें २२ लक्ष डॉलर! धडगांवच्या शेतमजुरानें ती कोठून आणावी?

त्याच्या आवाक्यांतले उपाय साधे आहेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. आणि रक्ताच्या तपासणीनें 'वाहक' ओळखतां येतो. १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भरहि तपासणीवर आहे. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. परंतु आई व बाप दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक खेपेस चारांत एक एवढा रोगाचा संभव राहतो.

हा हिशेब सातपुड्यापुरताच नव्हे. थॅलसेमियाहि याच रीतीनें उतरतो आणि तो जात पाहत नाहीं. लग्न जुळवितांना आपण गोत्र पाहतों, पत्रिका पाहतों. त्यांबरोबर दोन्ही पक्षांनीं रक्ताच्या तपासणीचा कागदहि पाहावा. आणि दुर्दैवानें घरांत आजारी मूल जन्मलेंच, तर सुनेच्या माथीं खापर फोडण्यापूर्वीं एवढें ध्यानीं धरावें कीं, या रोगास दोन वांटे लागतात आणि त्यांतला एक आपल्याच मुलाचा असतो.