शिक्षक परिषद हवी, पण मर्यादित अधिकारांची

जळगावपासून दहा किलोमीटरवर, महामार्गालगतच्या नशिराबादमध्ये एका घरातील तीन मुलांना शिकवणारे तीन शिक्षक तीन वेगळ्या व्यवस्थांना उत्तरदायी असू शकतात. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकावर 1964 च्या शिस्त व अपील नियमांनुसार कारवाई होते. संस्थेच्या शाळेतील शिक्षकाला 1977 चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि 1981 ची नियमावली लागू होते. खासगी क्लास घेणाऱ्याला यांपैकी काहीच लागू नाही. डॉक्टरचा व्यवसाय करण्याचा हक्क वैद्यक परिषद काढून घेऊ शकते, वकिलाचा बार कौन्सिल. शिक्षकाच्या बाबतीत राज्यात अशी वैधानिक संस्था नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ती उभारावी का, यावर विचारी माणसांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

परिषद हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा सध्याच्या व्यवस्थेतील पळवाटेचा आहे. 1981 ची नियमावली विद्यार्थ्याशी केलेल्या असभ्य किंवा अनैतिक वर्तनाला स्पष्टपणे नैतिक अधःपतन मानते. चौकशीसाठी तिघांची समिती असते: एक सदस्य संस्थेचा, एक संबंधित कर्मचाऱ्याने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधून घेतलेला. पण आरोप सिद्ध झाला तरी सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे त्या नोकरीतून बडतर्फी. अब्रूच्या भीतीने संस्थेने आधीच राजीनामा घेऊन प्रकरण मिटवले, तर पुढच्या तालुक्यातील शाळेला काही कळण्याची खात्री नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे. मात्र ती दोषी ठरलेल्यांपुरती आहे आणि तपास यंत्रणांसाठीच खुली आहे.

मात्र कायदा अपुरा आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यात शाळेतील कर्मचाऱ्याने केलेला लैंगिक गुन्हा अधिक गंभीर धरला आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळांत मुलांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या सखी सावित्री समित्यांचा शासन निर्णय मार्च 2022 चा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाल्यावर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि 24 तासांत वरिष्ठांना माहिती देण्याचे बंधन आले. हे सारे नीट अमलात आणले तर आणखी एका कार्यालयाची गरज काय, असे विरोधक विचारतात. बदलापूरमधील आरोपी सफाई कर्मचारी होता. केवळ शिक्षकांची परिषद त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसती. हा आक्षेप वजनदार आहे.

दुसरीकडे, फौजदारी कायदा गुन्हा घडल्यावर हलतो आणि संशयातीत पुरावा मागतो. रात्री-अपरात्री विद्यार्थिनीला पाठवलेले खासगी संदेश किंवा एकाच मुलीला वारंवार एकटीला थांबवून घेणे हे प्रत्येक वेळी गुन्ह्याच्या व्याख्येत बसेलच असे नाही. पण पालकाला धोका तिथेच दिसतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारहाण आणि मानसिक छळाला बंदी घातली, तरी कारवाई मात्र सेवानियमांवर, म्हणजे नेमणूक करणाऱ्यावरच सोपवली. 1994 च्या वासनाकांडात बोलायला पुढे येणे पीडितांना किती अवघड असते, हे जळगावने पाहिले आहे. जिथे संस्थाचालक, शिक्षक आणि पालक एकमेकांच्या नात्यागोत्यातले असतात, तिथे तक्रार गावाबाहेरच्या यंत्रणेने ऐकणे हाच मोठा आधार ठरतो.

तरीही शिक्षकांची भीती खोटी नाही. संस्थेतील गटबाजीत नको असलेल्या शिक्षकाला घालवण्यासाठी तक्रारीचे हत्यार वापरले जाऊ शकते. 1977 च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाचा हक्क दिला, तो व्यवस्थापनाच्या मनमानीला आळा घालण्यासाठीच. निर्दोष ठरल्यावर पगार परत मिळतो. गावातली पत परत मिळतेच असे नाही. शिवाय पहिलीतल्या रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यायलाही शिक्षक कचरू लागला, तर तोटा मुलाचाच होतो.

परिषद कोणाच्या ताब्यात असावी, हाही प्रश्न सोपा नाही. स्कॉटलंडने 1965 मध्ये अशी परिषद स्थापली आणि 2012 मध्ये ती सरकारपासून स्वतंत्र केली. त्याच वर्षी इंग्लंडने आपली परिषद गुंडाळली आणि बंदीचा निर्णय शिक्षणमंत्र्यांच्या अखत्यारीत नेला. आपल्याकडे शिक्षकांनी निवडलेली परिषद विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघासारखे निवडणुकीचे आणखी एक मैदान होऊ शकते. मात्र ती निव्वळ सरकारी असावी, हेही उत्तर नाही. 2021 मध्ये उघड झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली होती.

दोन्ही पारड्यांचे वजन पाहता परिषद असावी, या बाजूला आम्ही झुकतो. पण तिचे काम मुलांच्या सुरक्षिततेपुरतेच असावे. हजेरी, निकाल, बदल्या यांत तिने पडू नये. तिच्यावर शिक्षक असावेत, पण बहुमत निवृत्त न्यायाधीश, बालमानसतज्ज्ञ आणि पालकांचे असावे. परिषदेच्या नोंदवहीत शिक्षकेतर कर्मचारी आणि क्लासचालकही यावेत, नाहीतर बदलापूरचा धडा वाया जाईल. राजीनामा दिला तरी चौकशी थांबू नये. त्याचबरोबर चौकशीला कायद्याने मुदत असावी, दोष सिद्ध होईपर्यंत नाव गुप्त राहावे आणि निर्णयावर न्यायालयात अपील करता यावे. पोलिसांकडे जाण्याचे बंधन यामुळे तसूभरही सैल होता कामा नये.

या व्यवस्थेतही एखादा निरपराध शिक्षक काही महिने चौकशीच्या छायेत राहील. ही किंमत खरी आहे आणि ती कमी करण्याची जबाबदारी सरकारची आहे. पण आजच्या व्यवस्थेची किंमत मूल मोजते आणि त्याला अपिलाचा हक्क नाही. म्हणून शासनाने आधी मसुदा जाहीर करावा, शिक्षक संघटना आणि पालकांच्या हरकती जिल्ह्याजिल्ह्यांत ऐकाव्यात आणि मगच कायदा करावा.