ऊसतोड्यांचा संघ आणि ऊस-बागाइतदारांचें हित

दरसाल दसरा-दिवाळी जवळ आली, कीं ऊस-बागाइतदारांचे डोळे बीड-पाथर्डीकडून येणाऱ्या टोळ्यांच्या वाटेकडे लागतात. अशा वेळीं तोडकऱ्यांच्या संघटनांनीं ‘कोयता बंद’ पुकारला, म्हणजे हा संघ आपल्या मुळावर उठला आहे, अशी आमच्या पुष्कळ बागाइतदार बंधूंची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे, इतकेंच नव्हे, तर ती आपल्याच हितास बाधक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मजूरसंघाची आवश्यकता शेतकऱ्यास समजावून सांगण्याची वास्तविक गरज पडूं नये. भाजी, दूध वा फळें घेऊन बाजारांत गेलेला एकटा शेतकरी भावाची घासाघीस करूं शकत नाहीं. कारण त्याचा माल नासतो आणि व्यापारी थांबूं शकतो. मजुराचा माल म्हणजे त्याचा दिवस, आणि तो तर संध्याकाळपलीकडे टिकत नाहीं. म्हणून एकट्या मजुराच्या नकारास किंमत नसते. सर्वांनीं मिळून दिलेला नकार मात्र मालकास बोलणीं करावयास लावतो. सामुदायिक वाटाघाट म्हणतात ती हीच. हा विचार आपल्याकडे रुजविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिणाऱ्या जोतीराव फुल्यांचेच सहकारी होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८८४ मध्यें त्यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांची संघटना उभी केली व १८९० मध्यें गिरणी-मालकांकडून आठवड्याची सुटी मान्य करवून घेतली. पुढें १९२६ च्या कायद्यानें मजूरसंघांस नोंदणीचा व संरक्षणाचा हक्क मिळाला.

ऊसतोडींत ही वाटाघाट कशी चालते, हें पाहूं. एका बाजूस सहकारी साखर कारखान्यांचा राज्य संघ, व दुसऱ्या बाजूस तोडकरी, मुकादम व वाहतूकदार यांच्या संघटना. मागणी पुढें येते. जमलें नाहीं, तर टोळ्या हलत नाहींत. मग मध्यस्थ बसून निवाडा करतात. शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांच्या लवादानें असे तंटे मिटविले. २०१४ मध्यें मुंडे निवर्तल्यावर त्यांच्या कन्या पंकजा मुंडे वाटाघाटींत पुढें आल्या. जानेवारी २०२४ मध्यें झालेल्या तडजोडींत तोडणीच्या दरांत ३४ टक्के व मुकादमांच्या कमिशनांत १ टक्का वाढ ठरली. तोडकऱ्याचें बळ आहे तें वेळेंत. पक्व ऊस उभा राहिला तर उतारा घटतो, तोडलेला पडून राहिला तर वजनांत तूट येते, आणि गाळप एकदां सुरू झालें म्हणजे तें अहोरात्र चालवावें लागतें.

यावर आमचे बंधू म्हणतील, “तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच उसाच्या दरांतून वजा होतो, मग ही वाढ आम्हीं आनंदानें कां द्यावी?” आक्षेप खरा आहे. पण ज्या हत्यारानें तोडकरी भांडतो, तेंच आपणहि वापरतों. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेंत पहिल्या उचलीची मागणी ठरते, आणि ती मान्य होईतों तोड रोखण्याचें आंदोलन शेतकऱ्यांनीं स्वतः केलें आहे. जो न्याय आपल्या उसास, तोच त्यांच्या घामास लागू केला पाहिजे. शिवाय, करार पुरेसा नसला तर खर्च वाचतो, असेंहि नाहीं. जें करारांत मिळत नाहीं, तें बांधावर ‘खुशाली’ म्हणून आणि वाहनापाशीं ‘एंट्री’ म्हणून द्यावें लागतें. या रकमेस पावती नाहीं, मर्यादा नाहीं, आणि तिचा बोजा लहान शेतकऱ्यावर अधिक पडतो. कारण त्याला थांबवतांच येत नाहीं. यंत्रानें तोड करूं म्हणावें, तर रुंद सरी व मोठा फड सर्वांपाशीं कोठें आहे?

परंतु सध्यांच्या व्यवस्थेंत एक मोठें वैगुण्य आहे, आणि आमचा खरा रोख त्यावर आहे. करार होतो वरच्या पातळीवर. टोळी बांधली जाते ती मात्र मुकादमाच्या उचलीनें. पावसाळ्यांतच उचल घेतलेलें जोडपें हंगामापूर्वींच बांधलें गेलेलें असतें. त्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, आणि हिशेब नवऱ्याच्या नांवें होतो. ज्या बाईनें पहांटेपासून मोळ्या बांधल्या व डोक्यावरून वाहिल्या, तिचें नांव कोठेंच नसतें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांसंबंधीं २०१९ मध्यें सरकारास चौकशी-समिती नेमावी लागली. ज्या कामांत एक दिवसाचा खाडा हाहि दंड ठरतो, त्यांत असें कां घडावें, हें निराळें सांगावयास नको. उलट, उचल घेऊन टोळी न आल्यानें ज्यांचे ट्रॅक्टर कर्जाखालीं उभे राहिले, ते वाहनमालक बहुधा शेतकरीच आहेत. उचलीची ही पद्धति मजुरास नाडते आणि आपणांसहि नाडते.

आणखी एक विचार. कमिशन घेणारा मुकादम आणि ज्याच्या कामावर कमिशन बसतें तो तोडकरी, हे एकाच संघटनेच्या नांवाखालीं बसले, तर तोडकऱ्याची बाजू पूर्णपणें कोण मांडणार? १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत सुरू झालेल्या गिरणी-संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले होते. १९४६ च्या कायद्याप्रमाणें मान्यता एका संघास होती, आणि कामगारांचा विश्वास दत्ता सामंतांवर होता. ज्यांच्याशीं बोलावयास हवें होतें त्यांच्याशीं बोलणें झालें नाहीं. करार न होतांच संप विरून गेला, आणि कामगारांची दुर्दशा झाली. वाटाघाटीस बसणारा मनुष्य कामगारांच्या विश्वासाचा नसला, तर तिचा हेतु साधत नाहीं.

म्हणून कारखान्याचे सभासद या नात्यानें आपण वार्षिक सभेंत पुढील मागण्या कराव्या. करार हंगाम सुरू होण्यापूर्वीं व्हावा. वाटाघाटींत प्रत्यक्ष कोयता चालविणारे स्त्री-पुरुष मुकादमांपासून वेगळे बसावे. उचल लेखी असावी. तोडलेल्या उसाच्या वजनाची चिठ्ठी प्रत्येक जोडप्यास मिळावी. आणि मजुरी दोघांच्या नांवें, ज्याच्या त्याच्या खात्यांत जमा व्हावी. याच्या बदल्यांत संघानेंहि मुदतींत करार मोडूं नये व बांधावर खुशाली मागूं नये, हें आपण निक्षून सांगावें. आपल्या सभासदांस दिलेल्या शब्दांत बांधून ठेवूं शकत नाहीं, त्या संघाशीं करार करून कोणाचाच लाभ नाहीं.

सहकार हा बागाइतदारानें स्वतः एकटा दुबळा आहे हें ओळखून पत्करला. तोडकरी आज तेंच ओळखीत आहे. त्याचा संघ बळकट, प्रामाणिक व खरोखर त्याचा व्हावा, यांत आपलेंहि हित आहे. कारण असा संघ असेल तरच फडास वेळेवर कोयता लागेल, आणि तोडणीचा खर्च किती, हें शेतकऱ्यास लागणीच्या वेळींच कळूं लागेल.