डोंगरावर पाटी लावू नका

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन निरनिराळ्या माणसांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "खेळायचंच आहे तर काहीतरी शिकायला मिळेल असं तरी खेळा." त्यातले एक आमचे धाकटे भाऊजी (ते हे वाचतील, वाचावंच), एक एडिसनची भाची, आणि तिसऱ्या नातीच्या शाळेतल्या बाई. शाळेचं नाव लिहीत नाही. पस्तीस वर्षं मीही त्याच धंद्यात होते, त्यामुळे 'काहीतरी शिकायला मिळेल' याचा खरा अर्थ मला चांगला माहीत आहे. 'तपासता येईल असं काहीतरी' हा तो अर्थ.

विषय आहे नातीच्या नकाशाचा. ज्यांच्या घरात मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माइनक्राफ्ट नावाचा ठोकळ्यांचा खेळ २००९ साली स्वीडनमध्ये सुरू झाला. त्यातला प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद, उंच. बहुतेक मुलं त्यात घरं बांधतात, खाणी खणतात. काही मुलं मात्र दुसऱ्याने खेळावं म्हणून एक अख्खी जागा रचतात आणि त्या जागेत गोष्ट पेरून ठेवतात. याला अ‍ॅडव्हेंचर मॅप म्हणतात. साहसनकाशा वगैरे म्हणायचा माझा विचार होता, पण नातीने असं काही तोंड केलं की मी नकाशावरच थांबले. २०१२ पासून या खेळात अशा नकाशांसाठी वेगळी सोय आहे. तीत खेळणाऱ्याला सहसा भिंत फोडता येत नाही, झाड तोडता येत नाही, वाट असेल तिथूनच जावं लागतं. म्हणजे वाट कुठे ठेवायची, दार कुठे, अंधार कुठे, हे सगळं रचणाऱ्याच्या हाती. लेखकाच्या हाती असतं तसंच.

नात नववीत आहे. तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून नकाशा केला तो उलव्याच्या डोंगराचा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जो डोंगर उतरवला, तोच. चांगला नव्वदेक मीटर उंच होता. पाम बीचवरून खाडीपलीकडे दिसायचा. जवळजवळ ११६० हेक्टरचा प्रकल्प. त्यात उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा अशी दहा गावं-पाडे उठले, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, वाघिवलीवाड्याची केरूमातेची लेणी गेली. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मैत्रिणीची आजी या गावांपैकीच एका गावची, आता पुष्पकनगरला राहते. पोरींनी गूगल अर्थवर जुन्या सालांची उपग्रहचित्रं काढली, डोंगराचा आकार त्यावरून घेतला, आणि घरं आजींना विचारून मांडली. आजी शेजारी बसून सांगत होत्या की विहीर इथे नव्हती, तिथे होती, आणि या घराला ओटा होता, त्या घराला नव्हता.

गोष्ट साधी आहे. उधाणाची रात्र. खारजमिनीच्या बांधाला खांड पडली आहे, खाडीचं पाणी भातशेतात शिरतंय. खेळणारा हा गावातला एक मुलगा किंवा मुलगी. हातात फक्त कंदील. तलवार नाही, राक्षस नाहीत. घराघरांत जाऊन माणसं उठवायची आणि बांधावर पाठवायची. शेतांतून गेलं तर वाट जवळची, पण पाणी चढतंय. डोंगराच्या कडेने गेलं तर लांब, पण कोरडी. कुणाला आधी उठवायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

हे पाणी चढवणं म्हणजे काय प्रकरण आहे ते मला आधी कळलं नव्हतं. या खेळातलं पाणी आपण होऊन भरतीसारखं चढत नाही. म्हणून जमिनीखाली हुकूम लिहिलेले ठोकळे पुरून ठेवायचे, त्यांना कमांड ब्लॉक म्हणतात. ते ठराविक वेळाने पाण्याचा एकेक थर भरतात. पण एका हुकमात जास्तीत जास्त ३२,७६८ ठोकळेच भरता येतात. यांची खाडी पाचशे बाय पाचशेची, म्हणजे एका थराला अडीच लाख ठोकळे. मग खाडीचे आठ तुकडे, प्रत्येक थराला आठ हुकूम. हा भागाकार नातीने कागदावर केला तेव्हा घरात कुणी 'अभ्यास कर' म्हणत नव्हतं, उलट 'जेवायला ये' म्हणत होतं.

आणि खरी कारागिरी तर पुढेच आहे. अंधारात खेळणाऱ्याला वाट कशी कळावी? पाटी लावायची नाही, हे दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवलं. (आमच्या संगणकावर त्या पाट्यांवर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी एकीकडे नि अक्षर दुसरीकडे, हेही एक कारण. मराठीची शिक्षिका म्हणून मी ते बघूच शकत नाही.) मग ज्या घरी जायचं त्या घराच्या खिडकीत दिवा. जी पायवाट वापरातली आहे तिची माती वेगळी, जी नाही तिच्यावर गवत. पहिला खेळगडी म्हणून मला बसवलं होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, उंदीर हातात धरायची सवय नाही. मी तीनदा खाडीत पडले आणि एकदा गोठ्यात अडकले :). नात मागे बसली होती, तोंडातून अवाक्षर न काढता. नियमच आहे म्हणे. रचणाऱ्याने बोलायचं नाही, फक्त बघायचं की माणूस कुठे चुकतो, आणि मग माणसाला न सुधारता वाट सुधारायची. गोठ्याचं दार दुसऱ्या दिवशी रुंद झालं होतं. आमच्या बी.एड.च्या अख्ख्या वर्षात हे एवढं साधं तत्त्व कुणी सांगितलं नव्हतं.

शेवट असा आहे. सगळी माणसं बांधावर पोचली की डोंगराची वाट मोकळी होते. गावाचं माप पोरींनी निम्मं केलंय, डोंगर मात्र पूर्ण उंचीचा ठेवलाय. चढायला वेळ लागतो, कंटाळा यायला लागतो, तेवढ्यात खाली बघावं तर बांधावर कंदिलांची रांग दिसते. माथ्यावर पहाट होते. तिथल्या सपाट दगडावर पाऊल पडलं की क्षणात सगळं बदलतं. तुम्ही त्याच जागी, त्याच उंचीवर उभे असता, पण डोंगर नसतो. पायाखाली काही नाही. खूप खाली एक करडी, सरळ पट्टी. न दिसणारे ठोकळे असतात या खेळात, त्यावर तुम्हाला उभं केलेलं असतं, म्हणून तुम्ही पडत नाही. बस. नकाशा संपला.

मी पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

आता शाळेचं ऐका. शाळेत प्रदर्शन होतं, पोरींनी नकाशा दाखवला. बाईंना आवडला, हे सांगायला हवं. पण त्यांनी सुचवलेल्या सुधारणा अशा: प्रत्येक घराच्या दारावर एक प्रश्न असावा आणि बरोबर उत्तर दिलं तरच दार उघडावं. खारफुटीचे उपयोग सांगा. रायगड जिल्ह्यातील प्रमुख पिके कोणती. डोंगर लहान करावा, चढण्यात वेळ जातो. आणि शेवटी माथ्यावर, म्हणजे त्या हवेतल्या जागी, एक मोठी पाटी लावावी, 'विकास आणि विस्थापन: फायदे व तोटे'.

आता सांगा, मध्यरात्री बांध फुटल्याचा निरोप घेऊन कुणी दारात आलं तर घरातला माणूस त्याला आतून पिकं विचारील का? हा प्रश्न विनोदासाठी विचारत नाही. गोष्टीत दार उघडण्याचं कारण गोष्टीतलंच असायला हवं. ते बाहेरून आणलं की दार खोटं होतं, मागचं घर खोटं होतं, आणि ज्या आजींनी ओटा कुठे होता ते सांगितलं त्यांचं सांगणंही वाया जातं. बाईंचं म्हणणं, मुलांना 'माहिती' मिळाली हे कळणार कसं? मी म्हणते, ज्याने पाणी चढताना जवळची वाट टाळून डोंगराची धरली त्याला खारजमीन कळलेली आहे. त्याची वही तपासू नका.

आणि हे फक्त संगणकाचं आहे असं समजू नका. दिवाळीतल्या किल्ल्याचं आपण हेच केलं. "आमच्या वेळी आम्ही मातीत हात घालून किल्ले करायचो, ही पोरं ठोकळ्यांत डोकं घालून बसतात," असं भाऊजी म्हणाले. भाऊजी, तुमचे किल्ले मला आठवतात. दगड, विटा, गोणपाट, चिखल, वर पेरलेले अळीव, कुंभाराकडचे मावळे. पण त्यात खरं काय होतं? दिंडी दरवाज्यावरचा पहारेकरी डुलक्या घेतोय, मागच्या कड्यावरून चौघे चढतायत, असं तुम्ही बघणाऱ्याला सांगायचात. गोष्ट होती! पुढे मोठी माणसं आली, स्पर्धा आल्या, परीक्षक आले, प्रत्येक बुरुजावर नावाची चिठ्ठी आणि शेजारी माहितीचा फलक आला. मग बाजारात तयार प्लास्टरचे किल्ले आले आणि मुलांना करण्यासारखं काही उरलं नाही. नातीचा नकाशा हा तुमच्या किल्ल्याचाच नातू आहे. फरक एवढाच की तुम्ही किल्ल्याकडे वरून बघायचात, ही मावळ्याच्या उंचीवरून बघते.

या प्रकारातला आद्य खेळही कुणी 'शैक्षणिक' म्हणून केला नव्हता. अमेरिकेत विल क्राउदर नावाचा संगणकवाला होता. त्याला गुहांत उतरायचा नाद, केंटकीतल्या मॅमथ केव्हचे नकाशे त्याने केले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्याचं लग्न मोडलं, आणि आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून त्याने ती ओळखीची गुहा शब्दांत उतरवली. चित्र एकही नाही, नुसतं वर्णन, आणि तुम्ही टंकायचं, उत्तरेला जा, खाली उतर. संगणकावरच्या सगळ्या साहसखेळांचं मूळ तिथे आहे. एका खऱ्या जागेत आणि दोन मुलींसाठी.

उलट बाजूही सांगते. मार्च २०२० मध्ये रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने माइनक्राफ्टमध्येच एक भलंमोठं ग्रंथालय बांधवून घेतलं आणि ज्या देशांत पत्रकारांचं लेखन दडपलं जातं तिथले लेख त्यातल्या पुस्तकांत ठेवले. तिथे मजकूर भरपूर आहे आणि तो हवाच, कारण तिथली गोष्टच मजकुराची आहे. मी मजकुराच्या विरोधात नाही, पाटीच्या विरोधात आहे.

डोळे, मान, तासन् तास बसणं, या तक्रारी खऱ्या आहेत आणि घरात त्यावर वेळेची मर्यादा आहे. मैत्रिणीकडे संगणक नाही, ती आमच्याकडे येते. तो प्रश्न मोठा आहे, पण त्याचं उत्तर पाटी हे नव्हे.

भाची म्हणते, लहान मुलींच्या डोक्यात विमानतळाविरुद्ध कशाला भरवता. अगं, कोण भरवतंय? मैत्रिणीचा काका तिथेच कामाला लागलाय. नातीला तिथून विमानात बसायचंय, मलाही बसायचंय. तुम्ही सुट्टीला याल तेव्हा तिथेच उतराल कदाचित. पण धावपट्टीवर उतरताना तिथे काय होतं हे एखाद्याला ठाऊक असलं तर बिघडतं काय? नकाशात कुणीही 'वाईट झालं' म्हणत नाही. 'चांगलं झालं' असंही म्हणत नाही. फायदे-तोट्यांची पाटी मात्र ते म्हणायला लावते. दोन रकाने आखले की माणूस सुटतो. हवेत उभं राहून खाली बघणाऱ्याला तसं सुटता येत नाही, आणि ते त्या दोघींनी ओळखलंय. बहुधा म्हणूनच मोठ्यांना तिथे पाटी हवी असते.

पोरी व्यवहारी निघाल्या. त्यांनी नकाशाची दुसरी प्रत काढली, तिच्यात दहा दारांना दहा प्रश्न लावले, डोंगर निम्मा केला, पाटी लावली आणि ती शाळेला दिली. प्रदर्शनाच्या दिवशी मी दीड तास तिथे उभी होते. मुलं रांगेत यायची, मागचा पुढच्याला उत्तर सांगायचा, दारं फटाफट उघडायची. पाणी चढत होतं, त्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. एक मुलगा मात्र प्रश्न सोडून गावाबाहेर पडला आणि बांधावरून चालत राहिला. त्याला 'वेळ संपली' म्हणून उठवलं. प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं.

मूळ नकाशा घरच्या संगणकावर आहे, त्यावर काम चालू आहे. सध्या अडलंय ते उघाडीपाशी. बांधातली ती लाकडी झडप, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खाडीच्या दाबाने आपोआप मिटते, एवढं मला ठाऊक आहे. पण ती आतून दिसते कशी, बिजागरी वर की बाजूला, आणि कचरा अडकून उघडी राहिली तर रात्री माणसं ती कशी बंद करतात, हे आजींना नीट आठवत नाही. ते पुरुषांचं काम होतं म्हणाल्या. पेणकडच्या मंडळींपैकी कुणी हे हाताने केलं असेल तर मापासकट कळवा. फोटो असेल तर उत्तम. शनिवारी मैत्रीण येणार आहे, त्याच्या आत मिळालं तर बरं.