ऑनलाइन गेम्स : पैज बंद झाली, गळ मात्र तसाच

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैशांशी संबंधित कायदा इतक्या झटपट झालेला आम्ही नोकरीच्या काळात क्वचितच पाहिला. जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने बंद ठरवले. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे आणि ५० लाख. अशा खेळांचे व्यवहार पुढे नेणाऱ्या बँकांनाही मनाई आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही.

मंडळाच्या वाचनालयात दुपारी आम्हा निवृत्त मंडळींची बैठक बसते. तिथे या बातमीचे स्वागत झाले. "बरे झाले, आता नातवंडे मोबाईल खाली ठेवतील," असे एकजण म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. घरी आलो तर नातू नेहमीच्या कोपऱ्यात नेहमीचाच गेम खेळत बसलेला! त्याचा गेम या कायद्यात येतच नाही, कारण त्यात पैज नाही. कायद्याने खेळांचे तीन गट केले आहेत. ई-स्पोर्ट्स आणि पैज नसलेले सामाजिक खेळ यांना उत्तेजन द्यायचे आणि फक्त पैशांच्या खेळांना बंदी घालायची, अशी ही रचना आहे. रचना चुकीची नाही. पण घराघरांतली काळजी या बंदीने संपेल असे समजणे चुकीचे ठरेल.

असे का म्हणतो, त्यामागे एक अनुभव आहे. आम्ही निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी शाखेत एक पेन्शनर आजोबा पासबुक घेऊन आले. दोन महिन्यांत १९ हजार रुपये गेले होते. मोठी रक्कम एकही नव्हती. ८९, १५९, ४४९ अशा बारीक बारीक नोंदींनी पान भरले होते. कोणीतरी खाते हॅक केले, अशी त्यांची खात्री होती. चौकशीअंती कळले की बारा वर्षांचा नातू त्यांच्या फोनवर एक फुकटचा गेम खेळत होता आणि त्यात नवे पोशाख, नाणी, पेट्या विकत घेत होता. यूपीआयचा पिनही आजोबांना त्यानेच बसवून दिला होता! पिन बरोबर, व्यवहार बरोबर, तेव्हा बँकेच्या हातात काही नव्हते. आजोबा रागावले नाहीत. "पोरगा हुशार आहे हो, एवढं कसं कळलं नाही त्याला?" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आम्हालाही तेव्हा उत्तर सुचले नाही.

नंतर या विषयावर जे वाचले, त्यातून उत्तर मिळाले. मुलगा हुशार असून काही उपयोग नव्हता. समोर माणसाच्या मनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेली यंत्रणा होती.

गेम तपासतात कसा?

ही यंत्रणा मुळात वाईट नाही, हे आधी सांगायला हवे. चांगला गेम कागदावर तयार होत नाही. तो अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा, मागे गप्प बसायचे आणि तो कुठे अडतो, कुठे कंटाळतो हे टिपून घ्यायचे, अशी रीत आहे. बनवणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, कारण गेम विकत घेणाऱ्याच्या घरी तो समजावून सांगायला जाणार नसतो.

२००७ साली आलेल्या 'हेलो ३' या गेमचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बंजी या कंपनीने बनवलेला हा गेम मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत सुमारे ६०० सामान्य खेळाडूंकडून ३,००० तासांहून अधिक खेळवून घेतला गेला. खेळाडू कुठे मरतात त्याच्या खुणा नकाशावर मांडल्या जात. खुणांची गर्दी दिसली की तिथे रचनेत काही चुकते आहे का, हे पाहायचे. एका ठिकाणी खेळाडूंच्या गोळ्या फार लवकर संपत होत्या. पाहणाऱ्यांच्या लक्षात आले की ते शत्रूवर फार लांबून गोळ्या झाडत आहेत. गोळी पोहोचणार नाही, हे त्यांना कळतच नव्हते. यावर सूचनांची पाटी लावली नाही. शत्रू टप्प्यात आला की नेमाची खूण लाल व्हावी, एवढाच बदल केला आणि अडचण सुटली. दोष खेळणाऱ्याचा नव्हता, सांगण्याच्या पद्धतीचा होता. बँकेतले फॉर्म छापण्याआधी कोणी असे चार ग्राहकांकडून भरून घेतले असते, तर आमची निम्मी नोकरी सोपी झाली असती!

त्याच वर्षीचा दुसरा गेम म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा 'पोर्टल'. त्यातल्या एका टप्प्यात एक ठोकळा शेवटपर्यंत सोबत न्यावा लागतो. चाचणीत खेळाडू तो वाटेतच विसरत. मग ठोकळ्यावर गुलाबी बदाम काढला आणि हा तुमचा सोबती आहे, असे गेममधून सांगितले. लोक ठोकळा विसरेनासे झाले, एवढेच नाही तर त्या निर्जीव वस्तूवर त्यांचा जीव जडला.

मानसशास्त्राचीही इथे मदत होते. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने मांडले की काम फार अवघड असले तर माणूस वैतागतो आणि फार सोपे असले तर कंटाळतो. दोन्हींच्या मध्ये, क्षमतेला जेमतेम पुरेल इतके आव्हान असले की तो तहानभूक विसरतो. चांगला कीर्तनकार किंवा चांगला मास्तर हे अनुभवाने जाणतो. गेम बनवणारे ते मोजून साधतात.

मोजायचे काय?

खरा प्रश्न इथे सुरू होतो. जो बदाम काढून ठोकळ्यावर जीव जडवता येतो, तो बदाम दुकानातल्या वस्तूवरही काढता येतो.

बँकेत काम केलेल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते : जे मोजले जाते, तेच वाढते. ठेवींचे उद्दिष्ट ३१ मार्चच्या आकड्यावर ठरले की ३१ मार्चला ठेवी फुगायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओसरायच्या. माणसे लबाड होती असे नाही. मोजपट्टीच तशी होती.

गेमच्या धंद्यात हेच झाले. गेम दुकानात एकदाच किंमत मोजून मिळत होता, तेव्हा चाचणीत 'खेळणाऱ्याला मजा आली का' हे पाहिले जाई. त्यातच कंपनीचाही फायदा होता. गेम फुकट वाटून नंतर आत वस्तू विकण्याची पद्धत आली, तशी मोजपट्टी बदलली. खेळाडू उद्या परत आला का, किती वेळ थांबला, पहिली खरेदी कधी केली, हे मोजणे सुरू झाले. प्रयोगशाळेत चारशे-पाचशे माणसे बोलावण्याचीही गरज उरली नाही. अर्ध्या खेळाडूंना एक बटण दाखवायचे, अर्ध्यांना दुसरे आणि ज्याने जास्त खरेदी होते ते ठेवायचे. आपला नातू खेळतो तेव्हा तो अशा चाचणीतही असू शकतो, फक्त त्याला कोणी विचारलेले नसते.

मग मनाच्या जुन्या खोडी कामाला लावल्या जातात. लहानपणी जत्रेत किंवा शाळेबाहेरच्या दुकानात आपण सोरट काढायचो. दहा वेळा काही निघत नसे, अकराव्यांदा शिट्टी निघे आणि बारावे पान काढायला हात शिवशिवे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवले होते. बक्षीस नेमके केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, की प्राणी ते मिळवण्याची खटपट सोडत नाही. गेममधल्या 'लूट बॉक्स' नावाच्या पेट्या म्हणजे सोरटच. फरक इतकाच, की सोरटवाला संध्याकाळी दुकान बंद करून घरी जायचा. 'कँडी क्रश'सारख्या गेममध्ये पाच जीव संपले की पुढचा जीव यायला अर्धा तास लागतो. थांबा, मित्राकडे मागा किंवा पैसे द्या. रोज हजेरी लावली तर वाढते बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, हाही त्यातलाच प्रकार.

ही यंत्रणा कुठवर जाते, याचा दाखला अमेरिकेत मिळाला. 'फोर्टनाइट' गेमच्या एपिक गेम्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्याखालचा दंड होता आणि साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करायचे होते. बटणांची मांडणी अशी गोंधळाची होती की एक बटण दाबताच खरेदी होऊन जाई, असा आयोगाचा आरोप होता. पैसे परत मागण्याची आणि खरेदी रद्द करण्याची सोय कंपनीने अंतर्गत चाचण्यांच्या आधारे मुद्दाम सापडायला कठीण केली, असेही आयोगाने म्हटले. म्हणजे 'हेलो ३'मध्ये खेळाडूला वाट दिसावी म्हणून जी विद्या वापरली, तीच इथे वाट दिसू नये म्हणून वापरल्याचा हा आरोप होता.

कायदे आणि घर

इतर देशांनी वेगवेगळे उपाय केले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना जुगारात धरले. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन गेमसाठी दिला. आपल्याकडे नव्या कायद्याची चर्चा फार झाली, पण गळाच्या अधिक जवळ जाणारे दोन नियम त्याआधीचे आहेत. फसव्या मांडणीचे १३ प्रकार ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बेकायदा ठरवले. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिरात करायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

आम्हाला हा शेवटचा कायदा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाळत नसेल तर मुलांच्या मनाची मोजणीच होणार नाही. पण त्यात एक भोक आहे आणि ते आपणच पाडतो. आजोबांच्या फोनवर, आजोबांच्या खात्यातून खेळणारा नातू कंपनीच्या लेखी ६८ वर्षांचा असतो. त्याला मुलांसाठीचे कोणतेच संरक्षण मिळत नाही. तेव्हा मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयाचे असावे, त्यावर पालकांचे नियंत्रण असावे आणि पेन्शनचे खाते खेळायच्या फोनला जोडलेले नसावे. यूपीआयचा पिन मात्र आजोबांनी स्वतःच बसवावा, चार वेळा चुकला तरी चालेल.

सरसकट बंदी आम्हाला पटत नाही. गेम बनवणे हे आज शिक्षणाचे क्षेत्र आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. आपल्या घरांतली मुलेही तिकडे जातील आणि कोणाची तरी सोय करणारे गेम बनवतील.

तोवर एक प्रयोग करून पाहावा. गेम तपासणारे जे करतात तेच. एखाद्या रविवारी अर्धा तास नातवाच्या मागे गप्प बसावे, कागद-पेन्सिल घेऊन. टोकायचे नाही, उपदेश करायचा नाही. गेमने खरेदीला किती वेळा बोलावले, किती वेळा घड्याळ दाखवून घाई केली आणि बाहेर पडायचे बटण सापडायला किती वेळ लागला, एवढे लिहून काढावे. मग तो कागद नातवाच्याच हाती द्यावा. आम्ही दिला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "आजोबा, अकरा नाही, बारा वेळा. एकदा तुम्ही चष्मा पुसत होता."