पाटी नको, कुलूप लावा!

दोहा, वक्रा, अल खोर येथील मराठी बंधुभगिनींनो,

गणपतीच्या वर्गणीपासून मुलांच्या स्पर्धांपर्यंत सगळी नोंदणी आता मंडळांच्या संकेतस्थळांवर होते. पण तिथेच सभासदांच्या याद्याही पडून असतात : नाव, मोबाइल, कतार आयडी, मुलांची वये. हरकत घेतली की ठरलेले उत्तर मिळते, "रोबोट्स फाइलमध्ये गूगलला मनाई केली आहे, काळजी नको."

ही शुद्ध धूळफेक आहे!

रोबोट्स फाइल म्हणजे कोणती पाने वाचू नयेत, हे बॉटना (साइट वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना) सांगणारी फाइल. ही पद्धत १९९४ची. २०२२मध्ये ती आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने प्रमाणित झाली, आणि हे नियम म्हणजे प्रवेशावरचे नियंत्रण नव्हे, असे त्या दस्तऐवजातच बजावले आहे. ही नुसती दारावरची पाटी. सभ्य बॉट ती वाचून मागे फिरतो. नंबर गोळा करत हिंडणारा कशाला फिरेल? उलट त्या फाइलमधली 'डिसअलाऊ : /सभासद-यादी' ही मनाईची ओळ ब्राउझरमध्ये कोणालाही वाचता येते. म्हणजे लपवायची जागा आपणच जाहीर केली!

गूगललाही दुसरीकडून दुवा मिळाला, तर मनाई केलेल्या पानाचा पत्ता शोधात दिसू शकतो. पान शोधातून काढायला त्या पानावर 'नोइंडेक्स' ही सूचना लागते, आणि ती वाचायला बॉटला पानापर्यंत यावे लागते. मनाई आणि नोइंडेक्स एकदम लावणाऱ्यांचे मुसळ केरात.

काही जण घाबरून सगळ्या साइटलाच मनाई करतात. मग दोह्यात नव्याने आलेल्या कुटुंबाला मराठीचा वर्ग सापडावा कसा?

म्हणून कार्यकारिणींकडे आमच्या मागण्या :

१. सभासदांच्या याद्या आजच उतरवा. ठेवायच्याच असतील तर पासवर्डमागे ठेवा.
२. शोधात आलेली याद्यांची पाने गूगलच्या सर्च कन्सोलमधून तातडीने काढून घ्या.
३. कार्यक्रम, वर्ग, दिवाळी अंक बॉटना मोकळे ठेवा. एआयच्या प्रशिक्षणासाठी फिरणाऱ्या जीपीटीबॉटचे काय करायचे, ते लेखकांना विचारून ठरवा.

या मागण्यांना कायद्याचाही आधार आहे. वैयक्तिक माहितीच्या गोपनीयतेचा कायदा कतारने २०१६मध्येच केला; आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत तो पहिला. त्या १३ क्रमांकाच्या कायद्यात मुलांची माहिती विशेष स्वरूपाची मानली आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेत या मागण्या लेखी द्या. उत्तर "बघू" असे आले, तर माहिती वापरायला दिलेली संमती मागे घ्या आणि आपली माहिती पुसायला सांगा. तो हक्क याच कायद्याने तुम्हाला दिला आहे.

— दोह्यातील काही मराठी संगणककर्मी
(वाचा आणि पुढे द्या)