शिशिरांतला पळस आणि जवसाचें तेल

पंचांग पाहिलें तर माघ व फाल्गुन हे शिशिराचे महिने, आणि वसंताचा अधिकार चैत्रापासून. परंतु आमच्या देशावरील पळस पंचांग वाचीत नाहीं. माघ संपतां संपतां त्याचीं पानें झडतात, आणि फाल्गुनांत वाळल्या गवताच्या माळावर तो एकटाच पेटल्यासारखा उभा राहतो. मीन व मेष या सौर मासांना वसंत म्हणणारा दुसरा एक पक्ष आहे, तो पळसाच्या थोडा अधिक जवळ जातो. त्या पक्षाच्या पंडितांनीं एखादे वेळीं दाराबाहेर पडून पाहिलें असावें, असा आमचा समज आहे. वैद्यकांत सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांना ऋतुसंधि म्हणतात, आणि त्या काळांत पथ्य सांभाळावें असें सांगतात. याच सुमारास तैलरंगांची पेटी घेऊन उघड्यावर बसणाऱ्या मनुष्यालाहि कांहीं पथ्यें आहेत व कांहीं लाभहि आहेत. त्यांविषयीं या खेपेस लिहावें असें मनांत आहे.

उघड्यावर बसून तैलरंगांत चित्र पुरें करणें ही चाल फार जुनी नव्हे. पूर्वीं रंगाची भुकटी तेलांत स्वतः खलावी लागे किंवा शिष्याकडून खलवून घ्यावी लागे, आणि तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत. पिशवी टोंचून रंग काढला कीं भोंक पुन्हां नीट बुजत नसे. १८४१ सालीं जॉन गॉफ रँड या लंडनमध्यें राहणाऱ्या अमेरिकन चित्रकारानें कथलाची दाबतां येणारी नळी काढली, आणि तेव्हांपासून रंग खिशांत घालून रानांत जाणें सोपें झालें. आपल्या मोरीवरची दंतमंजनाची नळी ही तिचीच धाकटी बहीण होय.

ऋतुसंधीच्या मागें लागलेल्या चित्रकारांत आम्हांस व्हिन्सेंट व्हॅन गॉग याची गोष्ट सर्वांत बोधक वाटते. २० फेब्रुवारी १८८८ रोजीं तो पॅरिस सोडून दक्षिण फ्रान्सांतील आर्ल या गांवीं उतरला. उन्हाच्या आशेनें आलेल्या या मनुष्याला तेथें बर्फ पडलेलें दिसलें! परंतु लौकरच बदामाला फुलें आलीं, आणि त्यानें एक फुललेली डहाळी पेल्यांत ठेवून तिचें चित्र काढिलें. मार्चच्या अखेरीस जरदाळू, पीच, प्लम, नासपती यांच्या बागा एकामागून एक फुलूं लागल्या, आणि एप्रिल संपेपर्यंत त्यानें त्या बागांचीं सुमारें चौदा चित्रें केलीं. फुलें थांबत नाहींत, म्हणून हाहि थांबत नसे. त्या प्रांतांत मिस्त्राल नांवाचा उत्तरेकडील थंड व कोरडा वारा सुटतो. त्यांत तिवई उडून जाऊं नये म्हणून त्यानें जमिनींत खुंट्या ठोकून ती बांधून ठेविली. वाऱ्याला शिव्या देत घरीं परतणारे चित्रकार पुष्कळ असतील. दोरी घेऊन जाणारा हा एक.

त्याच दिवसांत अँटन मॉव्ह हा त्याचा आप्त वारल्याचें वृत्त आलें. हेग येथें तैलरंगाचे पहिले पाठ याच मॉव्हनें त्याला दिले होते. पुढें दोघांत बिनसलें. तरीहि फुललेल्या पीचच्या झाडांचें एक चित्र त्यानें मॉव्हच्या नांवानें लिहून त्याच्या पत्नीकडे धाडिलें. गुरूशीं बिनसलेल्या शिष्यांपैकीं असे किती निघतात, हें आम्ही शिक्षकांनीं न मोजलेलेंच बरें.

या बागांच्या चित्रांतील गुलाबी रंग आज अनेक ठिकाणीं पांढुरका दिसतो. त्यानें वापरलेल्या तांबड्या रंगांपैकीं कांहीं प्रकाशांत उडून जाणारे होते. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती असें नाहीं. हे नवे रंग टिकाऊ नाहींत, म्हणून ते कच्चेच व धीटपणें लावावे, काळ त्यांना मवाळ करील, अशा आशयाचें त्यानें भावाला लिहिलें होतें. काळानें त्याच्या अपेक्षेपेक्षां अधिक काम केलें. युक्तिवाद मोहक आहे, पण विद्यार्थ्यानें तो उचलूं नये. हल्लीं चांगल्या रंगाच्या नळीवर त्या रंगाची प्रकाश सोसण्याची प्रत छापलेली असते. ती वाचून मगच पैसे मोजावे.

रशियांत हिंवाळ्याचा शेवट म्हणजे बर्फाचा शेवट. आलेक्सेय साव्रासोव्ह यानें १८७१ सालीं मोल्वितिनो या खेड्यांतील चर्च, मळकट झालेलें बर्फ, आणि बर्चच्या उघड्या फांद्यांवर घरटीं करूं लागलेले परतलेले कावळे एवढेंच चितारिलें, आणि तेवढ्यावर त्याचें नांव राहिलें. त्याचा शिष्य इसाक लेव्हितान याचें ‘मार्च’ हें १८९५ सालचें चित्र. त्यांत एक पिंवळें घर आहे, दारापुढें घसरगाडीला जुंपलेला घोडा आहे, उंच झाडावर पाखरांसाठीं बांधलेली पेटी आहे, आणि वितळूं लागलेल्या बर्फावर झाडांच्या सांवल्या आहेत. त्या सांवल्या काळ्या नव्हेत, करड्या नव्हेत, चक्क निळ्या आहेत. जेथें सूर्याचा प्रकाश पोंचत नाहीं तेथें आकाशाचा पोंचतो, आणि आकाश निळें आहे, कारण एवढेंच. वाचकांनीं चुना दिलेल्या भिंतीवर सकाळीं आठच्या सुमारास पडलेली तुळशीवृंदावनाची सांवली पाहावी, आणि शेजारीं उन्हांत एक पांढरा कागद धरावा. सांवली काळी असते ही आपली समजूत डोळ्यांनीं दिलेली नसून शब्दांनीं दिलेली आहे, हें तेव्हां ध्यानांत येईल.

संस्कृत शिकलेल्या आम्हां लोकांचा हा दोष विशेष आहे. किंशुक म्हटलें कीं ‘किं शुकः’ ही व्युत्पत्ति आम्हांस आठवते, त्याला गंध नाहीं म्हणून कवींनीं मारलेले टोमणे आठवतात. परंतु त्या फुलाच्या देंठाशीं काळपट, मखमली पेला असतो हें किती जणांनीं पाहिलें आहे? त्या काळेपणावांचून केशरी रंग उठून दिसतच नाहीं. नळींतला केशरी रंग तसाच लावला तर पळस कागदी फुलासारखा दिसतो. त्याला पेटवितें तें भोंवतालचें करडेपण: वाळल्या गवताचा फिका पिंवळा, वणव्यानें काळवंडलेली टेकडी, आणि धुरकट हवेंत अर्धवट विरलेला मागचा डोंगर. यशोधरानें चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत त्यांत वर्णिकाभंग शेवटीं येतो. रानांत बसणाऱ्याची त्याच्याशीं गांठ पहिल्याच दिवशीं पडते. सांवरीचीं जाड पाकळ्यांचीं तांबडीं फुलें, पांगाऱ्याचीं टोंकदार फुलें, कुसुंबाची लालभडक पालवी, थोडें पुढें पिंपळाचीं तांबूस कोंवळीं पानें, हीं सारीं ‘तांबडीं’च, पण एका नळींतून यांतलीं दोनहि निघत नाहींत. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनीं कोटितीर्थाच्या काठचीं दृश्यें रंगविलीं. चित्रकाराला विषय शोधण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं.

दुसरी अडचण वेळेची. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दीड तासांत सांवल्यांनीं जागा सोडलेली असते, आणि नऊनंतर आमच्या माळावरचें ऊन इतकें सपाट होतें कीं चित्रांत धरण्यासारखें फारसें उरत नाहीं. म्हणून एका बैठकीस दीड तास, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं त्याच जागीं.

आमच्या घरांत यंदा हा विषय निव्वळ चर्चेचा राहिला नाहीं. धाकट्या बंधूंची नात बारावींत आहे. परीक्षा आणि पळस हीं दोन्ही एकाच सुमारास येतात, हा योग वेळापत्रक आंखणाऱ्यांच्या ध्यानांत येण्याचें कारण नाहीं. पोरीनें सकाळीं रंगाची पेटी घेऊन माळाच्या रस्त्यावर जाण्याचा हट्ट धरला, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “फुलें पुढच्या वर्षीं येतील, बारावी पुन्हां येणार नाहीं.” वाक्य बिनतोड होतें. त्यावर मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, “आबा, फुलें येतील, पण झाड कुठें असणार आहे? त्याच्यावर आंकडा घातला आहे.” रस्ता रुंद होणार म्हणून जीं झाडें जावयाचीं त्यांच्या खोडांवर पांढऱ्या रंगांत आंकडे घातले गेले होते, या पळसाचा आंकडा ४७. घरांत दोन दिवस बोलाचाली झाली. बंधूंनीं सूनबाईंची बाजू घेतली. आम्हीं तीस-पस्तीस वर्षें मुलांच्या परीक्षा घेतल्या. दीड तासानें नापास झालेला विद्यार्थी आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि तसें आम्हीं स्पष्ट सांगितलें. शेवटीं सात सकाळी मंजूर झाल्या, साडेसहा ते आठ, आणि सोबतीला आम्ही. जातां येतां तिनें शब्दरूपें म्हणून दाखवावीं अशी अट आम्हीं घातली. ती तिनें निमूटपणें पाळली, हलन्त शब्दांत मात्र अडखळली.

पहिल्या तीन दिवसांचें काम तिनें सुरीनें खरवडून काढलें. चौथ्या दिवशीं तो आंकडा आला. खोडाची ती बाजू सांवलींत होती, आणि शुभ्र म्हणून माहीत असलेला तो रंग तेथें निळसर करडा दिसत होता. तिनें तो तसाच लावला. चित्र घरीं आलें तेव्हां सूनबाईंनीं फुलांचें मनापासून कौतुक केलें, आणि मग म्हणाल्या, “तो आंकडा तेवढा पुसून टाक. भिंतीवर लावायचें चित्र. त्यांत मरणाची तारीख कशाला?” मुलगी म्हणाली, “तो होता.” यावर आमच्या घरांत दोन तट पडले आहेत. बंधूंनीं, आश्चर्य असें कीं, या वेळीं नातीची बाजू घेतली. आमचें मत विचाराल तर आंकडा राहावा, आणि तो मरणाची आठवण म्हणून नव्हे. त्या चित्रांत सर्वांत नीट पाहिलेली जागा तीच आहे म्हणून.

ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी असेल त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाहीं. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. म्हणून मातकट अंबर रंग एक-दोन दिवसांत वाळतो, पण काळा व कांहीं तांबडे रंग आठवडाभर किंवा अधिकहि ओले राहतात. खालचे थर पातळ, वरचे तेलकट, हा क्रम उलटला तर पुढें भेगा पडतात. शिशाचा सफेता विषारी आहे. लहान मुलांच्या घरांत टायटॅनियमचा पांढराच आणावा. टर्पेंटाइनचा वास कोंडूं देऊं नये, स्वयंपाकघरांत तर बाटली नकोच. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत कधींहि टाकूं नये. तेल वाळतांना उष्णता निर्माण होते, ती बोळ्याच्या पोटांत कोंडते, आणि ठिणगीवांचून चिंध्या पेट घेतात. झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून त्यांत त्या बुडवाव्या. सूनबाईंनीं यासाठीं जुना तुपाचा डबा काढून दिला.

चित्र सध्यां माजघरांतील कपाटावर, पोरांचे हात पोंचणार नाहींत अशा उंचीवर वाळत आहे. पळसाचा तांबडा अद्याप बोटाला लागतो. आंकडा मात्र वाळला आहे.